शालूच्या तक्रारीतला दंड

माझे शिक्षण नववीत थांबले; परंतु बडोद्यात सयाजीगंजातील माझ्या टेबलाशी पदवीधर लोकही अर्ज लिहून घेण्यास येतात, हे येथे नमूद करणे मला उचित वाटते.

गेल्या वर्षी तरसालीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. आईचा शालू त्यांनी मांडवीतील एका लाँड्रीत पॉलिशला दिला होता. मालक ‘हरवला’ म्हणत राहिला. पुढे एका लग्नाच्या फोटोत त्याचीच सून तो नेसून उभी दिसली.

“याला सोडायचा नाही, बाई,” मी म्हणालो.

ग्राहक आयोगाकडे नुकसानभरपाई सगळेच मागतात. मी तिच्या जोडीला दंडात्मक भरपाई मागितली. नुकसान भरून देणे वेगळे आणि मुद्दाम केलेल्या लबाडीची शिक्षा म्हणून वरती मोजायला लावणे वेगळे, हा भेद मी दोन पाने विशद केला. अशी पाने माझ्याही हातून क्वचितच उतरली आहेत.

सुनावणीत अध्यक्षबाईंनी शेवटचे, मागण्यांचे पान दोनदा पाहिले. “भरपाई आहे, दंड आहे. शालू परत हवा, हे कुठे मागितलंय?”

मागितले नव्हते. न मागितलेले मिळत नाही, हे मीच लोकांना रोज सांगतो.

शिक्षिकाबाई माझ्याकडे वळल्या. “भाऊ, मी आले होते कशासाठी?”

मी तेथेच बाकावर बसून दुरुस्तीचा अर्ज लिहिला. अक्षर जराही हलले नाही. तो दाखल झाला आणि बाहेर येताच मालक आडवा आला; शालू उद्याच देतो, पण दंडाची मागणी काढून टाका म्हणू लागला.

“बेन, शालू काले आपी दऊं. पण आ दंडवाळुं काढी नाखो ने!”

“मुळीच काढू नका,” मी बाईंना बजावले. “दंड बसणार म्हणजे बसणार.”

“बसू दे. तो मी नेसू का?”

दुसऱ्या दिवशी शालू माझ्या टेबलावर आला. बाईंनी पदर उलगडून आईच्या हातचे रफू शोधले, त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “लिहा आता. दंड नको.”

मी लिहून दिले. माझे मत मात्र बदललेले नाही: त्या दोन पानांवाचून मालकाचे कपाट उघडलेच नसते. तथापि हल्ली वस्तू परत मागणारी ओळ मी आधी लिहितो आणि मगच दंडाकडे वळतो.