समोरच्याचं लिहायला लावणाऱ्या इंदूबाई

इंदूबाईंच्या हाती लेख दिला की त्या आधी ‘सलोखा’, ‘बंधुभाव’ असले शब्द हुडकत आणि लाल पेन्सिलीने फुली मारत. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आल्यावर जामबागच्या आमच्या गल्लीत बाई चालवत त्या भित्तिपत्रकासाठी मी पहिला लेख लिहिला, त्यात सात फुल्या! “अगं, हे भाषण झालं. गेटचं लिही की!”

गेट गल्लीच्या मधोमध. एका मिरवणुकीत कुठूनसा दगड आला, अलीकडच्या पाटलांच्या गॅलरीत उभ्या सुनेचं कपाळ फुटलं आणि पाटलांनी गेटला कुलूप ठोकलं. पलीकडच्या मुसलमान घरांना बसस्टॉपसाठी मोठा वळसा पडू लागला. बोलणं तर बंदच झालं.

पाटील आणि पलीकडचे मोहसीनभाई, दोघांनीही भित्तिपत्रकासाठी आपापली कैफियत आणली. शाळेत उभा जन्म घालवलेल्या बाईंनी दोन्ही परत केल्या. “आपली बाजू कुणालाही लिहिता येते. पाटील, तुम्ही मोहसीनचं लिहा. मोहसीन, तू यांचं. समोरच्याने ‘हो, असंच’ म्हणून सही केली तरच फळ्यावर लागेल.” आता समोरच्याचं लिहायचं तर त्याला जाऊन विचारावं लागतं. बाई महा लबाड!

पाटलांचा पहिला मजकूर ऐकून मोहसीनभाई उखडले, “ये मेरी बात नक्को बोलो, ये तुम्हारीच है!” त्यांचा मजकूर पाटलांनी परत केला. असं चारदा झालं. मी तर आशा सोडली होती.

पाचव्यांदा पाटलांनी मोहसीनभाईंच्या तोंडून लिहून आणलं, “वळसा झेपत नाही म्हणून माझ्या अम्मीने घराबाहेर पडणंच सोडलंय.” मोहसीनभाईंनी मान खाली घालून सही केली. मग त्यांनी पाटलांच्या तोंडून लिहिलेला आपला कागद वाचला, “सून अजून गॅलरीत जात नाही. मी कुलूप रागाने नाही लावलं. मला भीती वाटली.”

पाटलांनी हे घरातसुद्धा कबूल केलं नव्हतं. त्यांनी सही केली, तडक जाऊन कुलूप काढलं आणि वेल्डरला बोलावून गेटची कडीच कापून टाकली. मोहसीनभाईंच्या अम्मी पाटलांच्या सुनेचा हात धरून गेटमधून आल्या, तेव्हा मी सगळ्यांदेखत रडले.

“फिर डर लगा तो क्या करते, पाटीलसाब?” मोहसीनभाईंनी विचारलं.

“तुम्हारा दरवाजा बजातूं,” पाटील म्हणाले, “और क्या!”