ग्वारीघाटचा उतार

चिंतामणी ओव्हरसियरच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. नोकरी जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत, पण डोळा सदा उतारावर. कुणाकडे जेवायला गेला आणि मोरीचा ढाळ चुकलेला दिसला, तर यजमानाला सांगितल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. लोक त्याला मागून ‘पाणसळ’ म्हणत. गवंड्याच्या पाणसळीचा बुडबुडा निदान मध्यावर थांबतो. हा गृहस्थ कुठेच थांबत नसे.

त्याची आई अनसूयाबाई गुडघ्यांनी अधू झाली होती. ग्वारीघाटच्या पायऱ्या तिला उतरवत नव्हत्या. गाव नर्मदेचं आणि नर्मदेचं स्नान नाही, हे दुःख ती बोलून दाखवत नसे, म्हणून चिंतामणीला ते जास्तच टोचे. घाटदुरुस्तीचं काम हाती आलं तेव्हा त्याने पायऱ्यांच्या कडेने फरसबंद उतार घातला. बारा फुटांत एक फूट, तसूभरही जास्त नाही. घाटावर जोडे वरच काढायची रीत. पण सरकारी कामावर बूट हवेतच. बूट घालूनच तो कितीदा तरी चढला-उतरला आणि खूश झाला.

नर्मदाजयंतीला आई नावाड्याच्या बायकोचा, भानुमतीचा, हात धरून सुखरूप उतरली. तिने डुबकी मारली आणि वर उभ्या चिंतामणीचे डोळे भरून आले. मग ती ओलेती, अनवाणी चढू लागली. बायकांच्या लुगड्यांतून निथळलेल्या पाण्याने फरशी निसरडी झाली होती. पाय सरकला. भानुमतीने सावरलं म्हणून हाड वाचलं, पण गुडघा सुजला. यापुढे घरूनच हात जोडीन, असं आईने सांगून टाकलं.

चिंतामणीला चैन पडेना. आकडे पुन्हा पुन्हा तपासले. आकड्यांत चूक नव्हती. सूज उतरल्यावर आईला टांग्यात घालून, बरोबर पाथरवट घेऊन तो घाटावर आला.

“काहून रे, आता आणखी काय मोजून राहिला?” आईने विचारलं.

त्याने बूट काढले, गुडघाभर पाण्यात जाऊन आला आणि ओल्या पायांनी चढू लागला. थोडा चढला नाही तोच सगळ्या घाटादेखत आडवा झाला. तिथेच बसून त्याने पाथरवटाला सगळ्या फरशीवर आडव्या खाचा पाडायला सांगितलं. लाजेने त्याला मान वर करवेना.

टांगेवाल्याचा हात धरून आई कोरड्या कडेने सावकाश खाली आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

“चल, आता भिजलाच आहेस तर मलाही ने पाण्यात,” ती म्हणाली. “येताना पडलो तर दोघं मिळून पडू.”