मोजताना पहिली मी

माझा एक पाय पोलिओने लहानपणीच नेला. काळेवाडीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. जिना मी बसून उतरते. कुबडी मांडीवर घ्यायची आणि एकेक पायरी खाली सरकायचं. दिसायला वाईट दिसतं, पण अशी मी कधी पडलेली नाही. पडले ती कुणी ना कुणी "धरतो ना मी, या" म्हणत दंड ओढला तेव्हाच.

तळवड्याच्या कंपनीत मी अकाउंट्सला, चौथ्या मजल्यावर. तिथे आगीचं मॉक ड्रिल असलं की सेफ्टीचे साहेब आधीच माझ्या टेबलाशी यायचे. भोंगा वाजला की लिफ्ट बंद, म्हणून मी अगोदरच लिफ्टने खाली जाऊन गेटपाशी खुर्चीत बसायचं. मग भोंगा व्हायचा, बाकीचे हसत-खिदळत जिन्याने यायचे आणि साहेब माणसं मोजायचे. सुरुवात माझ्यापासून. माझ्याकडे न बघताच 'एक' म्हणायचे.

एकदा मी म्हटलं, मलाही जिन्यानेच येऊ द्या, बसून येईन, किती वेळ लागतो ते तरी कळेल. साहेब कसनुसं हसले. म्हणाले, फोटो काढतात हो मॅडम, बरं दिसत नाही, आणि खरंच काही झालं तर आम्ही आहोतच की. आहेत म्हणे, डोंबल! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. पण नोकरी टिकवायची होती, पुढच्या ड्रिललाही लिफ्टनेच खाली जाऊन बसले.

गेल्या उन्हाळ्यात भोंगा कुणालाच न सांगता वाजला. तिसऱ्या मजल्यावर वायरिंग पेटलं होतं. बघता बघता आमचा मजला रिकामा झाला. दोघं जण "आलोच हं" म्हणून गेले ते गेलेच. जिन्यात धूर कोंडला होता. ओढणी तोंडाला बांधली, कुबडी तिथेच टाकली आणि पायरीवर बसले. तिसऱ्या मजल्याशी श्वास घेता येईना, वाटलं संपलं सगळं. तेवढ्यात जिन्याच्या खिडकीतून साहेबांचा माइकवरचा आवाज आला. आकडा जुळला होता. आत कुणी राहिलेलं नाही, असं ते सांगत होते.

मी सरकत राहिले. ओरडायला दम नव्हता.

दारातून बाहेर आले तेव्हा हात सोलले होते, सलवार फाटली होती. माझ्याकडे बघून साहेबांचा चेहरा पडला. सॉरी म्हणतील असं वाटलं मला. पण माझंच काहीतरी चुकल्यासारखे म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर नेहमी आधीच खाली असता ना?"