नळीतला पिवळा रंग

बमरोलीतल्या आमच्या सोसायटीचं स्वतःचं बोअरिंग आणि टाकी आहे, आणि सोसायटीचा प्रमुख मी आहे. पाणी तपासायला एक बाई यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही, पण बोलणं आमच्या धुळ्याकडचं. आधी नळ थोडा वेळ वाहू द्यायच्या, मग काचेची नळी भरून डोळ्यांसमोर धरायच्या आणि औषधाचे थेंब टाकायच्या.

पहिल्यांदा पाणी पिवळं झालं. चार लोकांसमोर माझी टाकी घाण ठरली, असं मला वाटलं. मी लगेच घासाघीस सुरू केली.

"ताई, दोन थेंब कमी टाका ना. रंग फिका येईल."

त्या काही सांगू लागल्या, तसा मी आवाज चढवला. त्या नळी धुऊन शांतपणे निघून गेल्या. पिवळेपणा ब्लीचिंग पावडरमुळेच येतो, हे मी हुशारीने ताडलं आणि टाकीत ती टाकणंच बंद केलं.

महिन्याने त्या पुन्हा आल्या, तेव्हा तीन घरांतली मुलं जुलाबाने आडवी झाली होती. त्याबद्दल मी पाणीपुरीवाल्याला फैलावर घेतलं होतं. नळीतलं पाणी या वेळी काचेसारखं राहिलं.

"आता बोला," मी म्हणालो.

"काका, पिवळं व्हायलाच हवं. तरच पाण्यात क्लोरीन आहे. मागच्या वेळी हेच सांगत होते, तुम्ही बोलू दिलं नाही."

टाकीत पुन्हा पावडर टाकली आणि पाणी उकळून प्या, हे दारोदार सांगत मी तिन्ही मजले चढलो. मुलं बरी झाली. त्या बाईंबद्दल माझी तक्रार मात्र अजून कायम आहे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायला हवं होतं.