हात धुवायची जागा

नव्वदीतल्या उन्हाळ्यांत आमच्या तांड्यावर दूरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणावं लागे. तरी दारापुढं आईची वांगी-मिरच्या तगून असत, कारण घरातल्या सगळ्यांनी हात धुवायचे ते त्यांच्या बुंध्याशीच. पाव्हण्यालाही आई कोरडं आळं दाखवून तिथं उभं करी.

मला बघायला औंढ्याकडचा मुलगा आला. त्याचं जेवण होईस्तोवर माझं लक्ष एका कोमेजलेल्या मिरचीकडं. जिवाला चैन म्हणून नव्हती. शेवटी मी भरला तांब्या त्याच्या हातात दिला. पठ्ठ्या मिरच्या ओलांडून थेट रस्त्यावर गेला आणि तांब्याभर पाणी फुफाट्यात ओतून आला.

"मला न्हाई करायचं," मी आत जाऊन म्हणलं.

"काहून?" बापानं विचारलं.

आईनं विचारलं नाही. ती दारातून रस्त्यावरच्या ओल्या डागाकडं बघून राहिली होती.