एकच गाडी

त्या दुष्काळात आमच्या सहकारी डेअरीला टाळं लागलं. म्हणे, आता दुधाचा बाजार खुला. तलवाड्याच्या फाट्यावर मग एकाच खाजगी कंपनीची गाडी येऊ लागली. तिथं एक बाई रोज पदरानं कॅनचं तोंड पुसून रांगेत उभी राही. तिचं नाव मला ठाऊक न्हाई.

एकदा गाडीवाला म्हणाला, “मावशे, दुधात पाणी हाय. न्हाई घेत.”

“पाणी असतं तर म्हशीला पाजलं नसतं का रे?”

गाडीसंगं आलेला कंपनीचा साहेब हसला. “मावशी, आता तुम्ही स्वतंत्र आहात. दुसऱ्या गाडीला घाला.”

“मग दाव की दुसरी गाडी!”

साहेब गाडीत जाऊन बसला. भरली कॅन डोक्यावर घेऊन ती माघारी निघाली.

मी चौथी शिकलेला माणूस. पण ज्यानं हे स्वातंत्र्य कागदावर लिहिलं, त्यानं ती कॅन घेऊन उन्हात तिच्या वस्तीपर्यंत चालून दाखवावं.