रविवारी अकराचा व्हिडिओ

मन्मथनं काल चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत तो गेला.

वय एकोणचाळीस. ना बीपी, ना शुगर. समोर उघडलेली मोटर, हातात तांब्याची तार. मान खाली गेली ती वर आलीच नाही.

बीडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे टाइप करतोय आणि माझं मलाच खोटं वाटतंय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

चौसाळ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. काउंटरवर मोठा भाऊ, आमचे आप्पा. मागच्या खोलीत मन्मथ, जळालेल्या मोटरी रिवाइंड करत बसलेला. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम आप्पांचं. कारण मन्मथ अडखळत बोलायचा. शाळेत आम्ही एका बाकावर, तेव्हापासून. 'ब' आला की गाडी थांबलीच.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो माझ्या फोटो स्टुडिओत आला. तोंड उतरलेलं.

पालीच्या एका शेतकऱ्याचा त्याला फोन आला होता. मोटर नुसती गुंगतेय, फिरत न्हाई, काय करू? मन्मथला एवढंच सांगायचं होतं, आधी बटन बंद करा.

तो "ब... ब..." करत राहिला. पलीकडच्याला वाटलं रेंज गेली. फोन कट.

मोटर जळाली.

"माझा व्हिडिओ काढ लेका," मन्मथ म्हणाला.

"कशाला?"

"फोनवर लोकं थांबत न्हाईत. व्हिडिओत सांगतो. थांबायचं त्यो थांबल."

लग्नाच्या शूटिंगचा ट्रायपॉड काढला. दुकानामागं पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला. सहा मिनिटांच्या व्हिडिओला अख्खी दुपार गेली. दोघंही घामानं भिजलेलो.

"ब... बेअरिंग, ब... बुश, ब... बटन..." तो हसत सुटला. "ह्या धंद्यात सगळं ब... ब वरनंच हाय लेका!"

मी शहाणपणा केला. एडिटिंगमध्ये त्याचं अडखळणं सगळं कापून टाकलं. सहाची दोन मिनिटं झाली. एकदम गुळगुळीत.

त्यानं बघितलं. पुन्हा बघितलं.

"चांगला हाय. पण ह्यो मी न्हाई."

"मन्या, लोकं हसतील."

"हसू दे. आपल्या गावात काय कमी हसलेत का? समदं ठिव."

ठेवलं. चॅनल सुरू झालं.

आणि लोक हसले. पहिल्याच कॉमेंटमध्ये "तोतऱ्या". खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. कोणीतरी त्याची नक्कल करून स्टेटसला टाकली. ती फिरत फिरत आप्पांपर्यंत गेली.

आप्पा मागच्या खोलीत आले. मी तिथंच होतो.

"आजच्या आज काढून टाक ते. दुकानाचं हसं झालंय गावात."

मन्मथ आप्पांसमोर कधी वर मान करून बोलला नव्हता. त्या दिवशी उठून उभा राहिला.

"आप्पा, मी न्हाई काढणार."

आप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मग मोटरी वाचलेल्यांचे मेसेज यायला लागले. तुमचा व्हिडिओ बघून स्वतः कॅपॅसिटर बदलला, भाऊ. कुठून कुठून. मन्मथ रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एकेकाला लिहून उत्तर द्यायचा. लिहिताना तो अडखळायचा नाही ना.

एक मेसेज वेगळा होता. कडा गावच्या एका बाईचा. माझी मुलगी आठवीत आहे, शाळेत तोंड उघडत नाही. आमच्याकडं मोटरही नाही, पण तुमचे सगळे व्हिडिओ बघते.

एका सुट्टीला मायलेकी चौसाळ्याला आल्या. मन्मथ आणि ती पोरगी समोरासमोर स्टुलावर बसले. दोघांची नावं एकमेकांना सांगून व्हायला किती वेळ लागला! मी मधे शब्द पुरवायला गेलो तर मन्मथनं हातानंच मला गप्प केलं.

पोरगी जाताना हसत होती. तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला होता.

आता आज सकाळचं सांगतो. सांगायलाच पाहिजे, कारण चूक माझी आहे.

दर रविवारी अकराला आमचा व्हिडिओ यायचा. मी गुरुवारीच टायमिंग लावून ठेवायचो, मग तो आपोआप पडायचा. ह्या गुरुवारीही लावला. काल संध्याकाळपासून मी धावपळीत. ते थांबवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

माती, म्हणजे दफन, अकराला ठरलं होतं.

अंगणात, त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं, मन्मथला बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात हार. त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याच्या पायाशी.

आणि अकराला खिशाखिशातले फोन वाजले.

मी गुरुवारी लावलेला व्हिडिओ पडला होता. कुणीतरी गडबडीत फोन बंद करायला गेलं आणि व्हिडिओच चालू झाला.

"रा... राम राम मंडळी."

मन्मथचा आवाज. मन्मथ समोर बसलेला.

वहिनींनी एकदम वर बघितलं. ती नजर मला जन्मभर पुरेल.

"बंद करा! बंद करा ते!" चारी बाजूंनी ओरडा झाला.

आप्पा पुढं आले. त्यांनी तो फोन आपल्या हातात घेतला. मला वाटलं आता आपटतात.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "त्याचं बोलणं पुरं होऊ द्या."

नऊ मिनिटं. भर उन्हात अख्खं अंगण उभं. मन्मथ स्टार्टर कसा तपासायचा ते सांगत होता. अडखळत होता, थांबत होता, पुन्हा धरत होता. एक माणूस हलला नाही. आप्पांनी फोन खाली घेतला नाही.

शेवटी तो स्क्रीनकडं बघून हसला आणि एका दमात म्हणाला, "चला, येतो."

एकदाही न अडखळता.

वहिनी म्हणाल्या, "या."

मग आम्ही त्याला उचललं.

वहिनी, मला माफ करा.

मन्या, माझ्या दोस्ता, शेवटचा राम राम. चौसाळ्याचा तुला मनापासून नमस्कार.